ताइफच्या घरातली बुखाऱ्याची गल्ली

सौदी अरेबियात काय पाहिलंस, असं पुण्यात परतल्यापासून सगळे विचारतात. वाळवंट, उंट, खजूर हे ऐकायची त्यांची तयारी असते. मी म्हणते, चार दिवस रशियन बोलले. मग समोरचा चहाचा कप खाली ठेवतो. दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

अल खर्ज

माझा मुलगा मंदार रियाधच्या दक्षिणेला, अल खर्जला, एका दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तीन महिन्यांच्या व्हिसावर मी त्याच्याकडे गेले होते. तिथल्या गोठ्यात गाईंच्या डोक्यावर पंखे फिरतात आणि वरून पाण्याचे तुषार उडतात. बाहेर उघडी वाळू आणि आत पावसाळी गारवा. पहिला आठवडा मी गाईंचं कौतुक करण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात कौतुक संपलं. सून कामाला, नात ईशानी शाळेला. ती आली की मी मराठीत विचारायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींनाही आपापल्या जागी आपलंच बरोबर वाटायचं.

अशात एका दुपारी दाऊदभाईंचा फोन आला. ते मूळचे श्रीवर्धनकडचे. पूर्वी मंदारच्या कारखान्याची दुधाची गाडी चालवायचे. नंतर कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, बदलून ताइफला एका घरी ड्रायव्हर म्हणून गेले. सणासुदीला त्यांचा फोन यायचाच. या वेळी त्यांनी मंदारला विचारलं, तुमची आई रशियन शिकवायची ना?

शिकवत होते. तीस वर्षं, एका कॉलेजात. आमच्या तरुणपणी पुण्यात रशियन शिकणं ही मोठी हौसेची गोष्ट होती. स्वस्तात जाडजूड पुस्तकं मिळायची. मग विद्यार्थी आटत गेले. शेवटच्या वर्षी वर्गात चार जण होते, त्यातले दोघे मैत्रिणीला सोबत म्हणून आलेले. निवृत्तीनंतर आठ वर्षांत मी रशियन वाक्य मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं.

दाऊदभाई कामाला होते त्या घरी ताश्कंदहून एक म्हातारे पाहुणे आले होते. सोव्हिएत काळातले नावाजलेले सिनेमाचे कॅमेरामन. मक्केची उमरा यात्रा करून ते ताइफच्या नातेवाइकांकडे पोचले होते, पण बोलायची पंचाईत होती. त्यांना अरबी येत नव्हतं, घरच्यांना रशियन येत नव्हतं. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर एक दिवस काढला, तेव्हा ‘चुलत बहीण’चं काहीतरी भलतंच झालं आणि फोन बाजूला ठेवला गेला.

"ताई, या तुम्ही," दाऊदभाई म्हणाले. "लोक चांगले हायत. म्हातारा चार दिवसांनी जाईल. मग परत कधी येतोय?"

मला धडकी भरली. विसरलेल्या भाषेची भीती परक्या देशापेक्षा मोठी असते. ईशानी मात्र म्हणाली, "आजी, just go." मी गेले.

ताइफ

विमानातून उतरले तर हवा महाबळेश्वरची. उन्हात ऊब आणि सावलीत शिरशिरी. सौदीत असं गाव असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. दाऊदभाई न्यायला आले होते. गाडीत बसताना माझा अबाया, तिकडचा तो पायघोळ काळा झगा, दारात अडकला आणि आम्ही विमानतळाच्या फाटकापर्यंत तो रस्त्यावरून ओढत नेला. दाऊदभाईंनी उतरून झटकून दिला आणि म्हणाले, पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं.

वाटेत त्यांनी घराची माहिती दिली. ताइफमध्ये बुखारी आडनावाची पुष्कळ घरं आहेत. यांचे पूर्वज बुखारा, समरकंदकडून रशियन राजवटीला कंटाळून निघाले आणि अफगाणिस्तान, हिंदुस्थान करत मक्केच्या मुलखात येऊन राहिले. या घरच्या मोठ्या आजी हबीबा तर वाटेतच जन्मल्या, मुंबईत, बंदराजवळच्या मुसाफिरखान्यात, जहाजाची वाट पाहताना. त्यांचा मुलगा अब्दुलकरीम घराचा कर्ता. त्याची मुलगी लतीफा चोवीस वर्षांची, सिनेमाचं शिक्षण घेणारी. तिनंच या पाहुण्यांना शोधून काढलं. पणजोबांच्या वहीत त्यांच्या धाकट्या भावाचं आणि भावाच्या मुलाचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, ‘तो चित्रं काढतो म्हणे.’ जुन्या सोव्हिएत सिनेमांची यादी चाळताना लतीफाला तेच नाव छायालेखक म्हणून सापडलं. म्हणजे पाहुणे हबीबा आजींचे चुलत भाऊ.

सोबिर-अका दिवाणखान्यात होते. अका म्हणजे मोठा भाऊ. सगळे त्यांना तसंच म्हणत. शहाऐंशी वर्षांचे, ठेंगणे, डोक्यावर काळी चौकोनी टोपी आणि तिच्यावर पांढरं भरतकाम. माणसाकडे पाहताना त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा. आयुष्यभर कॅमेऱ्याला उजवा लावल्याची सवय. मी रशियनमध्ये नमस्कार केला. त्यांनी माझं नाव विचारलं, मग वडिलांचं नाव विचारलं. मी विष्णू म्हटल्यावर ते उठून उभे राहिले आणि रशियन रीतीनं मला ‘वसुधा विष्णुयेव्ना’ म्हणाले. माझी आठ वर्षांची भीती तिथंच अर्धी झाली.

जेवायला मोठ्या ताटात मंतू आले. दिसायला थेट उकडीचे मोदक, वाफवलेले, कळ्या पाडलेले. आत मात्र खिमा. मी शाकाहारी असल्याचं दाऊदभाई सांगायला विसरले होते. अब्दुलकरीमला इतकं वाईट वाटलं की मलाच त्याची समजूत काढावी लागली. सोबिर-अका म्हणाले, आमच्याकडे भोपळ्याचेही करतात. संध्याकाळी भोपळ्याचे आले, आणि मग रोज येत राहिले.

हबीबा आजी जेवणानंतर बाहेर आल्या. सत्त्याऐंशीच्या, ताठ, हातात काठी. आईवडील गेल्यावर घरात बुखाऱ्याची भाषा बोलणारं कोणी राहिलं नाही. आता त्या फक्त अरबी बोलतात. त्या सोबिर-अकांपासून लांब, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. बोलणं असं चाललं: ते रशियनमध्ये मला सांगायचे, मी इंग्रजीत लतीफाला, लतीफा अरबीत आजीला. उत्तर त्याच वाटेनं परत. हवापाणी, तब्येत, मुलंबाळं झाली. मग आजींनी एकच गोष्ट विचारली. त्यांच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी एका हाजीच्या हाती बुखाऱ्याला घरच्यांचा फोटो पाठवला होता. मागे लिहिलं होतं, आपल्या गल्लीचं एक चित्र पाठव. तो फोटो मिळाला होता का?

सोबिर-अकांनी पुढ्यातली चहाची वाटी थोडी सरळ केली. "नाही," ते म्हणाले. "मिळाला नाही."

मी तसं सांगितलं. आजींनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

गुलाबाच्या मळ्यात

दुसऱ्या दिवशी पहाटे लतीफा आम्हाला ताइफजवळच्या अल हदाच्या एका गुलाबाच्या मळ्यावर घेऊन गेली. गाडी तीच चालवत होती. गुलाबाचा हंगाम होता. ताइफचा गुलाब आपल्या गुलकंदाच्या गुलाबासारखा दिसतो, फिकट, चुरगळलेल्या पाकळ्यांचा. ऊन चढायच्या आत खुडावा लागतो, नाहीतर वास उडतो. कमरेला झोळ्या बांधून माणसं ओळींतून भराभर जात होती. मळ्याच्या टोकाला तांब्याची मोठी भांडी चुलीवर होती आणि त्यांतून वाफ नळीवाटे पाण्यात उतरत होती.

लतीफाला उगवत्या सूर्याचं चित्रण करायचं होतं. सोबिर-अकांनी तिला थांबवलं. सूर्य काय, रोजचाच आहे, ते म्हणाले. खुडणाऱ्या माणसाच्या हाताची सावली फुलावर कधी येते ते बघ. ती बघत राहिली. दहा मिनिटांनी म्हणाली, आता. ते म्हणाले, आता.

तिला तिथे काम करायला सोडून आम्ही बांधावर बसलो. मी सुनेनं दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला. मागून एक माकड आलं, तिकडचं ते केसाळ, कुत्र्याएवढं, आणि डबाच घेऊन गेलं. सोबिर-अका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग आपणहून बोलायला लागले.

त्यांचे वडील शाळामास्तर. मोठे काका, म्हणजे हबीबा आजींचे वडील, त्यांच्या जन्माआधीच सरहद्दीवरची आमू नदी ओलांडून गेलेले. घरात त्यांचं नाव घ्यायचं नाही असा दंडक. सोबिर शाळकरी असताना गावात फिरता सिनेमा यायचा. बाकीची मुलं पडद्याकडे तोंड करून बसत, हे मशीनकडे तोंड करून. मॉस्कोच्या सिनेमा-शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळाला तेव्हा एक फॉर्म भरायचा होता. त्यात रकाना होता: परदेशी नातेवाईक? त्यांनी लिहिलं, कोणी नाही. तो फॉर्म पुढे प्रत्येक नोकरीत, प्रत्येक प्रवासाला नव्यानं भरावा लागला, आणि दर वेळी त्यांनी तेच लिहिलं.

ताश्कंदच्या स्टुडिओत सुरुवातीला कापसाच्या वेचणीच्या बातमीफिती केल्या. वेचणाऱ्या पोरी दमलेल्या असायच्या आणि त्यांना हसवून चित्रण करायचं असायचं. मग वाळवंटात कथाचित्रपट. वाळू शिरू नये म्हणून कॅमेऱ्याला नमद्याची, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीची, कुंची शिवली होती, लहान मुलाला शिवतात तशी. त्यांच्याकडची फिल्म रंगाला कच्ची होती, भर उन्हात सगळं निळसर यायचं, म्हणून ते फक्त सकाळ-संध्याकाळ काम करायचे आणि दुपारी दिग्दर्शकाच्या शिव्या खायचे. त्यांच्या प्रकाशाचं नाव झालं. सरकारी पुरस्कार मिळाला. पुढे देश मोडला, स्टुडिओला कुलूप लागलं, आणि पुरस्कारविजेत्या छायालेखकानं दहा वर्षं लग्नांची शूटिंगं केली. त्याचं दुःख नाही, ते म्हणाले. लग्नात माणसं आपणहून हसतात.

मग त्यांनी मळ्याकडे पाहिलं. मळ्यात लतीफा गुडघ्यांवर बसून काम करत होती.

"फोटो मिळाला होता," ते म्हणाले. "गुप्त पोलिसांनी ऑफिसात बोलावून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. काका, काकू, चार मुलं. मला विचारलं, ही माणसं कोण? माझा मोठा सिनेमा सुरू होणार होता. मी म्हणालो, माझी नाहीत. फोटो त्यांच्याकडे परत दिला."

पण पाठीमागची ओळ त्यांनी वाचली होती. त्याच वर्षीच्या सिनेमात बुखाऱ्यातला एक प्रसंग होता, पोस्टमन पत्र घेऊन येतो असा. त्यांनी तो आपल्या गल्लीत घेतला. पोस्टमन निघून गेल्यावरही कॅमेरा बंद केला नाही. रिकामी गल्ली, चाळीस सेकंद. दिग्दर्शक म्हणाला, कापा. हे म्हणाले, असा प्रकाश परत मिळणार नाही. ती तशीच राहिली. तो सिनेमा अर्ध्या सोव्हिएत देशानं पाहिला. ताइफला काही तो पोचला नाही.

मी विचारलं, काल खोटं का बोललात?

"सत्तर वर्षांची सवय," ते म्हणाले. "उद्या खरं सांगणार आहे. तुमच्याकडून एकच हवं. काही मऊ करू नका."

ते रडले नाहीत, की माझ्याकडे दिलासा मागितला नाही. पाकळ्या झोळीत पडाव्यात तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं, आणि मला मात्र रात्रभर स्वस्थता नव्हती. मी उपरी बाई. एक शब्द इकडचा तिकडे केला तर एक घर दुखावलं जाण्यापासून वाचेल, हे मला कळत होतं.

चाळीस सेकंद

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला सगळे बसले. सोबिर-अकांनी सरळ सुरुवात केली. फोटो मिळाला होता. ऑफिसात विचारलं. त्यानंतर त्यांनी जे क्रियापद वापरलं त्याचा रशियन अर्थ ‘नातं तोडून टाकलं’ असा होतो. माझ्या तोंडून इंग्रजीत निघालं, त्यांना ओळख देता आली नाही. लतीफानं मान डोलावली आणि आजीकडे वळू लागली.

सोबिर-अकांना इंग्रजी येत नव्हतं. पण त्यांनी हात वर केला.

"मुलीचा चेहरा बदलला नाही," ते मला म्हणाले. "तुम्ही मऊ केलंत."

मी लतीफाला म्हटलं, माझी चूक झाली, मळ्यावर त्यांनी मला आधीच बजावलं होतं, आणि नीट सांगितलं: ते म्हणाले, ही माणसं माझी नाहीत. आता तिचा चेहरा बदलला. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग हळू आवाजात आजीला सांगितलं.

हबीबा आजी एवढंच म्हणाल्या की त्यांचे वडील मरेपर्यंत दर हजला बुखाऱ्याच्या हाजींच्या तंबूत जाऊन विचारत असत, आमच्यासाठी काही आलंय का. त्या काठी टेकत आत गेल्या. रात्री जेवायला आल्या नाहीत. अब्दुलकरीमनं मात्र पाहुण्यांच्या वाटीत चहा कमी पडू दिला नाही. आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी आवाज चढवला असता. इथे पाहुणा घरात असेपर्यंत राग दाराबाहेर ठेवतात. त्या शांततेत बसणं मला आरडाओरड्यापेक्षा अवघड गेलं.

त्याच रात्री उशिरा लतीफा माझ्या खोलीत आली. आजी म्हणत होत्या, ती गल्ली दाखवा.

सोबिर-अकांनी सिनेमा पेन ड्राइव्हवर आणला होता. टीव्ही लागला. प्रत जुनी, ओरखडे पडलेली. पोस्टमन आला, पत्र देऊन गेला, आणि मागे गल्ली उरली. मातीच्या भिंती, एक झाड, उघडा दरवाजा, तिरपं ऊन. वाऱ्यानं झाडाची सावली भिंतीवर सरकली. बस.

आजींनी परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. चौथ्यांदा त्यांनी पडद्याकडे बोट करून काही विचारलं. मी भाषांतराला तयार झाले, तेवढ्यात सोबिर-अका स्वतःच म्हणाले, "तूत."

"तूत," आजी म्हणाल्या. आईच्या तोंडून ऐकलेला शब्द त्यांना सत्तर वर्षांनी आठवला. मलाही कळला, आपली तुतीच ती. मग ते पडद्याजवळ जाऊन उभे राहिले आणि बोट ठेवून, चित्राबाहेर राहिलेल्या जागाही दाखवत, एकेक सांगू लागले. दरवाजा. हौज. नान भाजायची भट्टी. अनार. ते म्हणायचे, त्या म्हणायच्या. एखादा शब्द आजींना लागायचा नाही तेव्हा ते हातांनी करून दाखवायचे. उघडा दरवाजा काकांच्या घराचा होता. आत कोण कुठे झोपायचं हे सोबिर-अकांनी वडिलांकडून चोरून ऐकलं होतं. तेही त्यांनी बोटांनी दाखवलं. लतीफा आणि मी मागे बसून होतो. तासभर आम्हाला कोणी काही विचारलं नाही.

शेवटचा दिवस

सोबिर-अकांचं विमान संध्याकाळचं होतं. सकाळी त्यांनी काकांच्या कबरीवर जायची इच्छा सांगितली. तिथे बायका कबरस्तानात जात नाहीत. अब्दुलकरीम त्यांना हाताला धरून आत घेऊन गेला. सौदीतल्या कबरी साध्या असतात, मातीचा उंचवटा आणि डोक्याशी एक दगड, नाव नाही. कुठली कोणाची हे घरच्यांनाच ठाऊक.

हबीबा आजी आणि मी गाडीत मागे बसलो. लतीफा घरीच होती. पुढे दाऊदभाई. आजी काचेतून बाहेर पाहत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी दाऊदभाईंना काही विचारलं आणि त्यांनी वळून मला मराठीत सांगितलं. रशियन, इंग्रजी, अरबी इतकं झाल्यावर शेवटी मराठीत.

"ताई, आजी इचारतायत, मळ्यावर त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं, तवा ते रडले का?"

मी म्हटलं, नाही.

"माफीसाठी तुम्हाला मध्ये घातलं का?"

तेही नाही, मी म्हटलं. काही मऊ करू नका, एवढंच म्हणाले.

आजींनी ऐकून घेतलं. त्यांची बोटं काठीच्या मुठीवर होती. मग त्या सावकाश बोलल्या आणि दाऊदभाईंनी सांगितलं. "त्या म्हणतायत, बरं झालं. तो रडला असता, तर मला माफ करावंच लागलं असतं. आता मी माझ्या मनानं करते."

फाटकातून ते दोघं येताना दिसले. सोबिर-अका मान खाली घालून चालत होते, बुटांवर लाल माती होती. अब्दुलकरीमनं त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. मागच्या सीटवरून आजींनी काठीनं काचेवर टकटक केलं. मग माझ्या गुडघ्याला हात लावून मला सरकायला सांगितलं, स्वतःही सरकल्या, आणि आपल्या बाजूचं दार आपल्या हातानं उघडून धरलं.